रोवण्याले घरी जाशीन का?

आमच्या कॉलनीत मुलाखतीचे दोनच प्रकार माहीत होते. एक, पोरगी पाहायला पाहुणे येतात ती. दुसरी कंपनीची. तिसराही काही प्रकार असतो हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि नेमकी तीच मला द्यायची होती.

चिखल्याची खदान मँगनीजची. बाबा खदानीत खाली उतरायचे. वरचा दगड अंगावर येऊ नये म्हणून लाकडाचे टेकू लावत जायचं, हे त्यांचं काम. कंपनीच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात बाबा, आई आणि मी. मी नागपूरला भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केलं, त्याला कॉलनीत 'दगडाचं शिक्षण' म्हणत. शेजारची काकू म्हणायची, "बाप बी दगडात, पोट्टी बी दगडात, जेवण तरी भाताचं करता का वं?" नागपूरच्या माझ्या मॅडमनी हात धुऊन मागे लागून मला परदेशात अर्ज करायला लावला, आणि तिथल्या एका विद्यापीठानं खरोखर मला घेतलं. फी माफ, राहण्याजेवण्याचंही तेच बघणार. देशाचं नाव लिहीत नाही. कॉलनीत सगळ्या परदेशाला मिळून 'तिकडं' म्हणत, मीही तेच म्हणते.

"आता फक्त व्हिसाची एक लहानशी मुलाखत," मॅडम म्हणाल्या. "आत्मविश्वासानं बोल, झालं." लहानशी! आजही कोणी 'लहानसं काम आहे' म्हटलं की मी दोनदा विचारून घेते.

आमच्या घराण्यात तोवर पास झालेली मुलाखत एकच होती, बाबांची. बाबा मूळचे आंबागडचे. तिथल्या किल्ल्याच्या खालची एवढीशी बांधी, म्हणजे धानाचं शेत, धाकट्या भावाकडे सोडून ते चिखल्याला ठेकेदाराकडे लागले होते. पुढे कंपनीत पक्की भरती निघाली. ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की झोपेतून उठवलं तरी सांगीन.

रांगेत बाबांच्या पुढे बपेऱ्याचा एक माणूस होता, अंगानं बाबांच्या दुप्पट. साहेबानं त्याला विचारलं, "रोवण्याले घरी जाशीन का?" धानाच्या मुलखात खदानीची ही कायमची डोकेदुखी होती. बांधीत पाणी साचलं, रोवण्याचे, म्हणजे रोपं लावायचे, दिवस आले, की निम्मे मजूर न सांगता गावाकडे पसार. मागे खदान ओस. बपेऱ्याचा माणूस भोळा, खरं बोलला. "हाव साहेब, पंधरा दिवस तं जावाच लागते. बांधी पडून राहीन नाही तं." त्याला तिथूनच वाटेला लावलं. मग बाबांचा नंबर. खाली उतरशीन? हाव. रातपाळी करशीन? हाव. दुसऱ्या खदानीत धाडलं तं? हाव. रोवण्याले घरी जाशीन? "नाही साहेब. मले घरच नाही. मी इथंच राहीन."

असं म्हणून बाबा संध्याकाळी आंबागडला घरी गेले आणि आपल्या आईच्या हातचं जेवले. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. साहेबाला जे हवं होतं ते दिलं, एवढंच.

"साहेबाच्या पुढं घराचं नाव काढाचं नाही," बाबा मला सांगायचे. "ज्याचा जीव घरात, त्याले कोणी घेत नाही. आन विचारलं का पटकन बोलाचं. थांबली का गेली."

हसू नका. एम.एस्सी. झालेल्या पोरीनं हे ऐकून घेतलं कसं, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. अरे बापा, त्या एका मुलाखतीनं आमच्या घरात दर महिन्याचा पगार आला. त्यावर मी शाळा शिकले, नागपूरला होस्टेलात राहिले. मी बाबांचं नाही ऐकणार तर कोणाचं ऐकणार? काकूचं? काकू सांगत होती, "मान खाली ठेवजो, आन सयपाक येते म्हणून पह्यलेच सांगून देजो."

पहिली पाळी करून बाबा आले, आंघोळ झाली, की खाटेवर साहेब होऊन बसायचे. मी समोर उभी. "रातपाळी करशीन?" "बाबा, तिकडं रातपाळी नसते." "तुले काय माहीत? तू गेली का तिकडं?" मग मी हाव म्हणायची. आई मधूनच स्वयंपाकघरातून ओरडायची, "जेवाले या आता, साहेब!" आणि आम्ही तिघंही हसायचो. मला वाटत होतं, माझ्याइतकी तयारी करून कोणी गेलंच नसेल.

तुमसर रोडवरून गाडी धरून आम्ही मुंबईला गेलो. बाबांनी कंपनीचे सेफ्टी बूट घातले होते, पुढे लोखंड असलेले. त्यांच्याजवळ त्याहून चांगलं पायात घालायचं काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या बुटांचा त्यांना गर्व होता. आईनं लाखोळीच्या डाळीचे वडे बांधून दिले होते. वकिलातीच्या दारात रखवालदारानं आम्हाला सांगितलं की पोरगी एकटीच आत जाईल. बाबा समोरच्या फुटपाथवर झाडाखाली वड्यांचा डबा घेऊन उभे राहिले. मी वळून पाहिलं तर त्यांनी तोंडावर बोट ठेवून मान हलवली. म्हणजे, घराचं नाव काढू नको.

आत सगळंच अनोळखी. थंडगार हवा, काचेमागे माणसं, आणि आपण काचेतल्या भोकातून बोलायचं. माझ्या आधीच्या पोराला काय विचारलं ते ऐकायला मी कान टवकारले, तर तो हसत हसत निघून गेला. पास झाला की नापास, काही कळेना. तेवढ्यात मला बोलावलं.

साहेब गोरा, तरुण, आवाज मऊ. मी मनात म्हटलं, हा तर बाबांच्या साहेबापेक्षा लाख पटीनं बरा. कुठला विषय, कुठलं विद्यापीठ, हे झालं. मग त्यानं विचारलं, "शिक्षण संपल्यावर काय करणार?"

मी पटकन म्हटलं, "तिथेच राहीन, सर. जिथे काम द्याल तिथे जाईन."

त्यानं लिहिता लिहिता हात थांबवला. "घरी कोण कोण आहे?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हाच तो! रोवण्याचा प्रश्न! आडून विचारतो आहे. मी ताठ उभी राहिले. "आईवडील आहेत, सर. पण त्यांची काही अडचण नाही. ते मला बोलावणार नाहीत."

"स्वतःचं घर? जमीन?"

"काही नाही, सर. घर कंपनीचं आहे. मला परत जाण्यासारखं तिथे काही नाही."

इतकं स्वच्छ उत्तर मी जन्मात दिलं नव्हतं. एकदाही थांबले नाही. साहेबानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर दया होती की कंटाळा, मला आजवर ठरवता आलेलं नाही. मग पासपोर्ट परत सरकवला, बरोबर एक छापील कागद, आणि म्हणाला, "माफ करा, आज मी तुम्हाला व्हिसा देऊ शकत नाही."

मला वाटलं, आज नाही म्हणजे उद्या. मी विचारलंसुद्धा, "उद्या किती वाजता येऊ?" त्यानं मान हलवली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

बाहेर आले तर बाबा रस्ता ओलांडून धावत आले. "झालं?" "नाही." "काहून? थांबली का?" "नाही थांबले." "घराचं नाव काढलं?" "एक शब्द नाही, बाबा. उलट घर नाहीच म्हणून सांगितलं." "मंग?" मग काय, ते मला तरी कुठे कळत होतं! आम्ही दोघं त्या झाडाखाली उभे राहून एकेक प्रश्न आठवत होतो आणि प्रत्येक उत्तर बरोबर निघत होतं. शेवटी मी बाबांवरच खेकसले, "आता विचारू नका हो!" परतीच्या गाडीत वडे कोणी खाल्ले नाहीत, ते नागपूर यायच्या आत विटले.

कॉलनीत जितकी तोंडं तितकी कारणं. काकूच्या मते मी मान वर केली असणार. कोणी म्हणे कपडे साधे होते. कोणी तर म्हणे की जिल्ह्याचा घोळ झाला असेल, माझ्या जन्मानंतर भंडारा फुटून गोंदिया वेगळा झाला ना, तिकडच्या नकाशात भंडारा सापडलाच नसेल. आईला हे एकदम पटलं. तिचं माहेर त्या फुटीत गोंदियाकडे गेलं होतं आणि तिचा त्यावर अजून राग होता. "गाव जागच्या जागी, आन जिल्हा बदलते. मंग परदेशातल्या माणसाले काय समजन?" मी चिडून कॉलनीतल्या बुद्धविहाराच्या पायरीवर जाऊन बसले. मला रडू येत नव्हतं, याचाही राग येत होता. रडायला निदान कारण तरी कळायला पाहिजे.

कारण नागपूरला कळलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. "अगं बाई, तू परत येणार, हेच तर त्यांना ऐकायचं असतं! परत येणार नाही म्हटलंस? आपल्या तोंडानं?"

"पण मॅडम, जो घरी पळतो त्याला कोण घेईल?"

मग मॅडमनी विद्यापीठाला लिहून माझी जागा पुढच्या सत्रापर्यंत धरून ठेवायला लावली. विद्यापीठानं कबूल केलं, पण शेवटचं म्हणून. म्हणजे आता एकच मुलाखत उरली होती. ती गेली की तिकडं जाणं संपलं.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. ते बूट सोडत होते. एक बूट हातात तसाच राहिला. "वापस येणारी पोट्टी पाहिजे त्याईले?"

"हाव."

"वापसच पाठवाची तं मंग बलावतात कायले?"

मला तरी काय माहीत! बाबांनी दुसरा बूटही सोडला. मग म्हणाले, "म्हणजे तो बपेऱ्याचा माणूस बरोबर होता." आणि थोड्या वेळानं, "म्या तुले उलटं शिकवलं." मी म्हटलं, "तुम्हाला काय ठाऊक असणार, बाबा." पण ते ऐकत नव्हते. त्या रात्री ते जेवले नाहीत, सकाळी पाळीला लवकर गेले. आई मला म्हणाली, "तू त्याईच्यावर रागावू नको वं." मी रागावलेलीच नव्हते. मला बाबांना जवळ घ्यावंसं वाटत होतं, पण आमच्याकडे कोण बापाला जवळ घेतं?

दोन दिवसांनी बाबा पुन्हा खाटेवर साहेब होऊन बसले. पण आता सगळं उलटं. "वापस कायले येशीन?" हा एकच प्रश्न. आणि त्याचं उत्तर काही सापडेना.

आई म्हणाली, "सांग न, माय आजारी असते."

"तू कुठं आजारी आहेस?"

"होईन न."

आंबागडहून काका आले, बांधी कसणारे बाबांचे धाकटे भाऊ. त्यांनी मिशीवरून हात फिरवून तोडगा काढला, "सांग का बांधी आहे आपली. रोवण्याले याच लागते." बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. इतक्या वर्षांपूर्वी ज्या वाक्यानं बपेऱ्याच्या माणसाची नोकरी हुकली, तेच वाक्य आता मला पाठ करायचं होतं. आयुष्यात एक रोप न लावलेली मी, रोवण्याला परत येणार होते!

पण मला एक खरोखरच विचारायचं होतं, ते मी विचारलं. "बाबा, तुम्ही रिटायर झाले का क्वार्टर सोडावं लागन. मंग मी वापस येईन कुठं?"

काकांचा हात पुन्हा मिशीवर गेला. आई उठून आत गेली. बाबा म्हणाले, "आंबागडले एक खोली काढू. तू आपलं पाठ कर."

मी पाठ केलं. इंग्रजीत. माझे आईवडील इथे आहेत, आमची शेती इथे आहे, मी शिकून परत येईन आणि इथेच काम करीन. बाबा रोज पाळीवरून आले की विचारायचे आणि मी घडाघडा म्हणायची. त्यांना शब्द कळत नसत. ते फक्त वेग ऐकायचे. कुठे अडखळले की म्हणायचे, "नाही, पुन्हा." महिनाभरानं अडखळणं थांबलं. दारासमोरून जाणारी शाळेतली पोरंही ते इंग्रजी म्हणत पळायची. खरं होतं की खोटं, हा विचार मी केला नाही. म्हणजे, एकदा केला, भांडी घासता घासता, आणि मला काहीच ठरवता येईना, तेव्हा सोडून दिला. पाठ तर होतंच.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तेच झाड, तेच बूट, तेच वडे. आत काचेमागे या वेळी एक बाई होती, केस पिकलेले, चष्मा नाकावर. मी आतून इतकी भरून गेले होते की तोंड उघडलं की उत्तर सांडेल. तिनं विचारलं, कुठला विषय? जमिनीखालचं पाणी. कोणत्या प्राध्यापकांबरोबर? सांगितलं. वडील काय करतात? खदानीत खाली काम करतात. तिनं मान वर केली. "म्हणून हा विषय घेतलास?" मला हे कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "माहीत नाही." आणि हे ऐकून मीच घाबरले. थांबली का गेली! मी घाईघाईनं सुरू केलं, "मॅडम, माझे आईवडील इथे आहेत, आमची शेती इथे आहे, मी शिकून परत..."

"मी ते विचारलेलं नाही," ती हसून म्हणाली. आणि पासपोर्ट आपल्याकडे ठेवून घेतला. "तुझा व्हिसा मंजूर आहे. नीट शिक."

झालं. एवढंच. तिकडं येऊन मला आता कितीतरी वर्षं झाली, तरी ती मुलाखत मला कळलेली नाही. पहिल्यानं घराबद्दल सगळं विचारलं आणि नाही म्हणाला. दुसरीनं परत येण्याचं काहीच विचारलं नाही आणि हो म्हणाली. महिनाभर घोटलेलं उत्तर कोणाला नकोच होतं. आनंद व्हायला हवा होता, आणि मी जिन्यावर उभी राहून विचार करत होते की आता या उत्तराचं करायचं काय.

बाहेर आले. या वेळी बाबा धावत आले नाहीत. झाडाखालीच उभे राहिले, डबा छातीशी धरून. मी होकाराची मान हलवली तसे ते मटकन फुटपाथवर बसले. "झालं?" "झालं, बाबा." त्यांनी डोळे पुसले, मग माझे पुसले, मग हसले. "कोणता कोणता सवाल केला?" मी सांगितलं. ते ऐकत राहिले, पुढचा प्रश्न यायची वाट पाहत.

"आन वापस येशीन का, ते?"

"ते नाही विचारलं."

"नाही विचारलं?"

"नाही."

"कोणंच नाही?"

"कोणंच नाही, बाबा."

मोटारी जात होत्या. बाबांनी बुटावरची धूळ झटकली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मंग, येशीन?"

"हाव," मी म्हटलं.

पटकन म्हटलं. अजिबात थांबले नाही. आणि म्हणताक्षणी माझ्या ध्यानात आलं की हे मी कुणासमोर बोलते आहे. बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ते हसत होते, पण ते हसणं मला पाहवेना.

"हे तं म्याच शिकवलं तुले," ते म्हणाले.

मला पुष्कळ बोलायचं होतं. मला माहीत नाही, असं म्हणायचं होतं, आतल्या बाईला म्हटलं होतं तसं. पण बाबांनी डबा उघडला आणि एक वडा माझ्या हातात ठेवला, एक स्वतः घेतला. या वेळी आम्ही सगळे वडे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी तुमसर रोडला उतरलो तेव्हा स्टेशनबाहेर काळीपिवळी जीपवाला ओळखीचा निघाला. कुठून येऊन राहिले, विचारत होता. बाबा गाडीत माझी बॅग चढवत होते. "पोट्टी तिकडं चालली शिकाले," ते म्हणाले.

"मंग येते का वापस, का तिकडचीच होते?"

"येते न," बाबा म्हणाले. पटकन म्हणाले, अजिबात थांबले नाहीत.